गिरिजाचं वाण

गिरिजाला कुठलीही वस्तू नुसती ठेवलेली बघवत नाही. जॅमची बाटली रिकामी झाली की तिच्यात मोहरी जाते, जुन्या ओढणीचं पायपुसणं होतं, आणि आमच्या सिंगापुरातल्या टॅम्पिनीसच्या ब्लॉकखाली कुणी मोडकं स्टूल टाकून दिलेलं दिसलं की ते लिफ्टमधून हिच्याबरोबर वर येतं. अशा बाईने नोकरी कुठे धरावी, तर जिथे एकाही वस्तूला हात लावायचा नसतो अशा ठिकाणी. मला तिने सांगितलं तेव्हा मी म्हटलं होतं, "तू तिथे आठवडाभर टिकलीस तर माझं नाव बदल." चार वर्षं होऊन गेली, नाव अजून योगिनीच आहे, कारण बदलायची आठवण ती मला करून देत नाही. तेवढी सभ्य आहे.

जालान बसारच्या मागच्या गल्लीत, नळ आणि स्क्रू विकणाऱ्या दुकानांच्या रांगेत एक जुनं शॉपहाउस आहे. खाली गॅलरी, वर मालकीणबाईंचं ऑफिस. मालकीण म्हणजे मिस क्वेक. चित्रं विकतात, शिवाय खुर्च्या, दिवे, मातीची भांडी असलं सगळं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा पाय दुखत होते म्हणून एका सिमेंटच्या खुर्चीवर टेकले, तर गिरिजा लगबगीने आली आणि कानात म्हणाली, "ऊठ, ती बसायची नाही."

"खुर्ची आहे ना?"

"आहे खुर्चीच. पण बसायची नाही."

मी हबकलेच. तिची किंमत ऐकली तेव्हा तर उभ्या उभ्या घेरी यायची वेळ आली. पण गिरिजाचा चेहरा बघून गप्प बसले. मला तोंड आवरता येत नाही अशी माझी ख्याती आहे, तरी गप्प बसले. तिचा नवरा शामकांत चीफ इंजिनियर, वर्षातला निम्म्याहून जास्त काळ जहाजावर. माझा मंदारही त्याच लाइनीतला, म्हणून तर आमचं सूत जुळलं. लेक जाई ऑस्ट्रेलियाला शिकायला गेली आणि गिरिजाचं घर एकदम सुनं झालं. ती दिवसभर स्वच्छ असलेलाच ओटा पुसत बसायची. मग ही नोकरी लागली. सामान उघडायचं, पुसायचं, मांडायचं, आलेल्याला पाणी विचारायचं. ती मला म्हणाली होती, "सिंगापूरला आल्यापासून सगळे मला मिसेस शामकांत म्हणायचे. इथे मला कुणीतरी गिरिजा म्हणून हाक मारली." अशा नोकरीवर माणसाचा जीव जडला तर नवल नाही.

तर झालं असं. जानेवारीत आपली संक्रांत येते आणि त्याच सुमारास इथे चिनी नववर्षाची साफसफाई निघते. जुनी अडगळ नव्या वर्षात न्यायची नाही, असं त्यांचं असतं. मिस क्वेकने गिरिजाला सांगितलं, मागच्या दाराशी खाली जे जे पडलंय ते सगळं काढून टाक, तुला काही हवं असेल तर घरी ने. सांगून त्या बाई गेल्या दौऱ्यावर. मागच्या दाराशी काय होतं? फुटकी चौकट, गेल्या कार्यक्रमाच्या उरलेल्या पिशव्या, आणि एक मायलो पावडरचा खोका. खोक्यात चिनी वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या मातीच्या छोट्या छोट्या वाट्या. मुठीत मावतील एवढ्या, झिलई नसलेल्या, प्रत्येकीच्या तळाशी अंगठ्याचा एक ठसा. मोजल्या तर एकवीस.

आता तुम्हीच सांगा. संक्रांत तोंडावर आलीय, घरी हळदीकुंकू करायचंय, आणि समोर एका मापाच्या एकवीस वाट्या. आपल्या बायकांना दुसरं काय सुचणार? दुसऱ्या कुणालाही तो खोका दिसला असता. गिरिजाला वाण दिसलं.

हळदीकुंकवाला आम्ही सगळ्या जमलो. टॅम्पिनीसच्या तर होत्याच, वन-नॉर्थहून नीता आली होती, नव्या आलेल्या दोघीतिघी होत्या. अत्तर झालं, तिळगूळ झाला, वाट्यांचं तोंड भरून कौतुक झालं. आणि दारात कोण उभं, तर कादंबरी.

माझ्या हातातली बशी तशीच राहिली. कादंबरीचा नवरा शिरीष शामकांतच्याच जहाजावर सेकंड इंजिनियर होता. दोन वर्षांपूर्वी इंजिनरूममध्ये त्याला हार्ट अटॅक आला आणि पुढचं बंदर यायच्या आत सगळं संपलं. मुलीची शाळा मध्येच तोडायची नाही म्हणून कादंबरी तोआ पायोहला फ्लॅट घेऊन राहिली आणि नोकरीला लागली. वाढदिवसाला, गणपतीला लोक तिला बोलवायचे. हळदीकुंकवाला कोण बोलावणार?

गिरिजाने बोलावलं होतं. मी तिला स्वयंपाकघरात गाठलं आणि म्हटलं, "तुला काही कळतं का? आपले नवरे पाण्यावर आहेत." मी काही फार जुन्या वळणाची बाई नाही, पण जहाजावरच्याची बायको झालात की कसली कसली भीती अंगात शिरते ते तुम्हाला सांगून कळायचं नाही. गिरिजा म्हणाली, "शिरीषही पाण्यावरच होता. तेव्हा कादंबरी आपल्याबरोबर बसायची ना?" आणि करंडा घेऊन सरळ बाहेर गेली.

गिरिजाने कादंबरीसमोर वाकून विचारलं, "लावू?"

कादंबरीने मान हलवली. "नको, गिरिजाताई. आज नको."

"बरं," गिरिजा म्हणाली, आणि तिच्या हातात तिळगूळ आणि वाटी दिली. कादंबरीने ती वाटी दोन्ही हातांनी धरली. निघेपर्यंत खाली ठेवली नाही.

पुढच्या आठवड्यात दुपारी माझा फोन वाजला. गिरिजाचा आवाज ओळखू येईना. "योगिनी, माझं वाण कुठे ठेवलंयस?"

"गॅसशेजारी. मीठ भरलंय त्यात. का गं?"

"मीठ काढ. धुऊ नकोस. पाणी लावू नकोस. मी येतेय."

तिने येऊन सगळं सांगितलं. त्या वाट्या अडगळ नव्हत्याच. त्या होत्या अंकल सेंग यांच्या. अंकल सेंग म्हणजे ऐंशीच्या घरातले कुंभार, गॅलरीचे सर्वांत जुने कलाकार. त्यांची लाकडावर चालणारी भट्टी पाडली गेली, आणि पाडायच्या आधी त्यांनी शेवटचं जे भाजलं ते म्हणजे या एकवीस वाट्या. नववर्षानंतरच्या प्रदर्शनात मोठ्या भिंतीवर त्या एकट्याच लागणार होत्या. म्हातारा साधा माणूस, स्वतः व्हॅनमधून आला, गल्लीत गाडी थांबवायला जागा नाही म्हणून खोका मागच्या दाराशी ठेवून गेला. नेमका साफसफाईच्याच सकाळी.

"ओरडले का गं तुला?" मी विचारलं.

"ओरडले असते तर बरं झालं असतं. मागच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, भट्टी नाही आता, परत कुठे भाजू. मग काहीच बोलले नाहीत." हे सांगताना गिरिजा माझी वाटी उलटी करून मिठाचा एकेक कण फुंकत होती. एवढ्या वर्षांत तिला मी असं बघितलं नव्हतं, शामकांतच्या जहाजाचा तीन दिवस पत्ता नव्हता तेव्हासुद्धा.

मिस क्वेक मात्र बोलल्या. त्या काही वाईट बाई नाहीत, पण एका हॉटेलवाल्यांनी ती अख्खी भिंत घ्यायचं कबूल केलं होतं, घेतली तर एकवीसच्या एकवीस, नाहीतर एकही नाही. बाईंनी स्पष्ट सांगितलं. उद्घाटनाच्या शनिवारपर्यंत भिंत भरली पाहिजे. नाही भरली तर सोमवारपासून येऊ नकोस.

आता दिलेलं वाण परत मागायचं म्हणजे काय, हे मिस क्वेकला कुठून कळणार? एकदा सवाष्णीच्या हातात ठेवलं की ते तिचं झालं. मागायला तोंड कुठलं? गिरिजाने मुस्तफाच्या दुकानातून स्टीलच्या वाट्या आणल्या आणि दारोदार निघाली. मी बरोबर होते. प्रत्येक दारी स्टीलची द्यायची आणि मातीची घ्यायची, असा सगळा अजब मामला.

आणि काय काय बघायला मिळालं. नीताने ऑफिसात नेऊन टाचण्या भरल्या होत्या. एकीने कॅक्टस लावला होता, तो उपटताना तिचा चेहरा असा झाला की मलाच वाईट वाटलं. एकीने लिंबाचं लोणचं घातलं होतं. झिलई नसलेल्या मातीत लोणचं घालणाऱ्या बाईला काय म्हणावं ते मी इथे सांगत नाही. ऋचाने तर कहर केला. तिने ती वाटी मुलीच्या टीचरला देऊन टाकली होती. "इतकी छान होती ना, म्हणून," असं वर तोंड करून सांगते. त्या टीचरच्या कॉन्डोखाली आम्ही दोघी स्टीलची वाटी हातात धरून उभ्या राहिलो, तेव्हा मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. टीचर बिचारी घाबरून वाटी देऊन गेली.

एक मात्र सांगायला हवं. एकीनेही वाटी रिकामी परत दिली नाही. कुणी साखर घातली, कुणी शेंगदाणे, एकीने चक्क रव्याचा लाडू. सवयीच त्या. आपल्याकडे दुसऱ्याचं भांडं रिकामं कसं पाठवायचं?

वीस वाट्या जमल्या. मंगळवारी मी म्हटलं, "चल, आता तोआ पायोह."

"तिकडे जायचं नाही," गिरिजा म्हणाली.

मला वाटलं, थकली असेल. म्हटलं, उद्या जाऊ. तर म्हणते, "उद्याही नाही. कादंबरीचं वाण मी मागणार नाही."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "अगं, एका वाटीसाठी नोकरी घालवणार तू? दिवसभर परत ओटा पुसत बसणार? ती समजूतदार मुलगी आहे, एका शब्दात देईल."

"देईल. म्हणूनच मागणार नाही." स्टीलची उरलेली वाटी हातात फिरवत ती म्हणाली, "बाकीच्यांना पुढच्या वर्षी दहा ठिकाणी वाण मिळणार आहे. तिला कुठे मिळणार?"

मी चिडून घरी आले. रात्रभर विचार केला आणि ठरवलं, हिला जमत नसेल तर मी जाते. वाईटपणा मी घेते. माझं तोंड तसंही बदनामच आहे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तोआ पायोहला कादंबरीच्या दारात जाऊन उभी राहिले. तिने हसून आत घेतलं, पोहे केले. मी मनात वाक्य जुळवत होते. आणि माझी नजर कपाटाशेजारच्या टेबलावर गेली. शिरीषचा युनिफॉर्ममधला फोटो, आणि त्याच्यासमोर ती वाटी. वाटीत हळद आणि कुंकू, शेजारी शेजारी दोन ढीग.

मी चमचा बशीत ठेवला. तिच्या लक्षात आलं. ती म्हणाली, "लावत नाही मी. नवऱ्याचं झालं त्या आठवड्यात सासूबाईंनी माझा करंडा उचलून नेला होता. परवा वाटी मिळाली, म्हटलं, घरात असू दे." एवढं बोलून ती चहा ठेवायला उठली.

मी काय मागणार? तिने विचारलं, "आज अचानक कशा आलात, योगिनीताई?" तर तोंडाला येईल ते बोलून गेले, "गिरिजाच्या गॅलरीत शनिवारी प्रदर्शन आहे, तू ये म्हणून सांगायला." बस. एवढंच. आणि पोहे संपवून रिकाम्या हातांनी परत आले.

शनिवारी दुपारी गॅलरी माणसांनी भरली. हातात ग्लास घेऊन लोक हलक्या आवाजात बोलत होते. मोठ्या पांढऱ्या भिंतीवर छोट्या छोट्या फळ्या, प्रत्येक फळीवर एक वाटी. वरच्या दिव्यात ते अंगठ्याचे ठसे इतके स्पष्ट दिसत होते की मी मीठ भरत होते हीच का ती, असं वाटलं. आणि मधल्या रांगेत एक फळी रिकामी. पडलेल्या दातासारखी ती जागा सगळ्यांच्या डोळ्यांत येत होती. मिस क्वेक हॉटेलवाल्यांना दुसऱ्याच चित्रांपाशी नेऊन उभ्या करत होत्या. गिरिजाकडे त्यांनी सकाळपासून बघितलं नव्हतं. अंकल सेंग कोपऱ्यात त्या सिमेंटच्या खुर्चीवर बसले होते, आणि त्यांना कुणी ऊठ म्हणायला धजत नव्हतं.

एवढ्यात दारातून कादंबरी आत आली.

गिरिजाने तिला बघितलं आणि ती चटकन जाऊन भिंतीला पाठ लावून उभी राहिली, त्या रिकाम्या फळीच्या पुढ्यात. माणसाने चोरी लपवावी तशी. कादंबरी भिंतीसमोर आली. एक वाटी बघितली, दुसरी बघितली. मग गिरिजाकडे बघितलं.

"गिरिजाताई, जरा बाजूला व्हा."

"सरबत घेतलंस का? तिकडे ठेवलंय बघ," गिरिजा म्हणाली. जागची हलली नाही.

कादंबरीने वाकून तिच्या खांद्याआडून बघितलं. ती वळली आणि निघून गेली. गिरिजाने माझ्याकडे असं बघितलं की मी चार पावलं मागे सरले. "तू सांगितलंस?"

"शपथ घेते. मी नुसतं ये म्हटलं होतं."

"मग झालं ते झालं," ती म्हणाली, आणि पाण्याचे ग्लास गोळा करायला लागली. सोमवारपासून हे ग्लास गोळा करायला आपण नसू, हे तिच्या हातांवरून कळत होतं. एकेक ग्लास पुसून, उजेडात धरून ठेवत होती. मला रडू यायला लागलं होतं आणि त्याचा मला रागही येत होता.

माणसं पांगत आली तेव्हा कादंबरी परत आली. टॅक्सीने घरी जाऊन आली असणार. ऑफिसच्या बॅगेतून तिने रुमालाने झाकलेली वाटी काढली आणि दोन्ही हातांनी धरून गिरिजासमोर उभी राहिली.

गिरिजाने हात मागे घेतले. "कादंबरी, घेऊन जा ते. दिलेलं वाण परत घेत नाहीत."

"मी कुठे परत देतेय?" कादंबरी म्हणाली. "तुम्ही मला घरी बोलावून वाण दिलंत. मी बोलावलं तर माझ्याकडे कोण येणार? म्हणून मी इथे आले. आज माझ्याकडचं हळदीकुंकू आहे."

तिने रुमाल काढला. पिवळा ढीग, लाल ढीग. बोट कुंकवात बुडवलं आणि गिरिजाच्या कपाळापासून वीतभर अंतरावर धरलं.

"शामकांतदादा जहाजावर आहेत, मला माहीत आहे. नको म्हणालात तरी मला राग येणार नाही. लावू?"

नको म्हण, असं मनात आलं, खोटं कशाला सांगू. ज्या बाईचा नवरा इंजिनरूममध्ये गेला, तिचं बोट, आणि जिचा नवरा या घटकेला इंजिनरूममध्ये उभा असेल तिचं कपाळ. गिरिजाने हातातला ग्लास ठेवला, साडीचा पदर खांद्यावरून घेतला, आणि मान खाली वाकवली.

कादंबरीने आधी हळद लावली, मग कुंकू. उरलेलं सगळं रुमालात ओतून घेतलं आणि वाटी गिरिजाच्या हातात ठेवली. "हे माझं वाण."

मिस क्वेक लगबगीने आल्या. वाटीत वाकून बघताच त्यांचे डोळे मोठे झाले. कोऱ्या मातीने हळद आणि कुंकू दोन्ही पिऊन टाकलं होतं. "हे निघेल ना?" त्यांनी विचारलं. अंकल सेंग खुर्चीवरून उठून आले, वाटी घेतली, अंगठा आत घालून घासून बघितला. "नाही निघणार, लाह," आपल्या सिंगापुरी थाटात म्हणाले. अंगठा लाल झाला होता, तो पँटला न पुसता त्यांनी वाटी नेऊन रिकाम्या फळीवर ठेवली. हॉटेलवाले काय म्हणतील ते तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. पण मिस क्वेकची अट भिंत भरायची होती, आणि भिंत भरली होती. त्या गिरिजाला म्हणाल्या, "सोमवारी लवकर ये. पॅकिंग खूप आहे."

मी पर्स सावरत दाराकडे सरकत होते. तेवढ्यात कादंबरी वळली. तिच्या बोटाला कुंकू तसंच होतं, दुसऱ्या हातात रुमालाची पुरचुंडी.

"योगिनीताई?" ती म्हणाली. पुढचा शब्द तिने उच्चारला नाही.

मंदारचं जहाज त्या दिवशी हिंदी महासागरात कुठेतरी होतं. सकाळपासून त्याचा फोन लागला नव्हता. मी कपाळ पुढे केलं.